आटले किती, उरले किती : अमेरिकी चांदीच्या डॉलरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९१८ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई आणि लाहोर इथल्या चलन कचेऱ्यांवर लोकांची रीघ लागली होती. हातात नोटा होत्या आणि मागणी चांदीच्या रुपयांची होती. युरोपातल्या रणांगणावरून येणाऱ्या वाईट बातम्यांनी कागदी चलनावरचा विश्वास डळमळला होता. युद्धासाठी हिंदुस्थानातून जाणाऱ्या मालाचे पैसे चुकते करायलाही रुपयेच लागत होते, आणि सरकारी तिजोरीतली चांदी तळाला चालली होती. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी झाला आणि अमेरिकी खजिन्याच्या तळघरांत वर्षानुवर्षे पडून असलेले चांदीचे डॉलर मुशीत जाऊ लागले. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर आटवले गेले. त्यांतल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली, बाकीच्यातून अमेरिकेने स्वतःची चिल्लर पाडली.

त्या डॉलरात सुमारे २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी होती आणि आपल्याकडच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम. म्हणजे एका डॉलरात सव्वादोन रुपयांची चांदी. या हिशेबाने जवळजवळ ५८ कोटी रुपये पाडता येतील एवढी चांदी समुद्र ओलांडून आली. मराठी घरांत आजीच्या डब्यातून निघणारे पंचम जॉर्जचे १९१८ आणि १९१९ सालचे राजाछाप रुपये याच चांदीचे असण्याची शक्यता मोठी आहे. अमेरिकी डॉलरांचा अभ्यास मराठी वाचकाने का करावा, असे कोणी विचारले तर मी आधी हे आकडे पुढे ठेवतो. या नाण्यांच्या दुर्मिळतेची अर्धी कहाणी आपल्याच चलनाच्या इतिहासात आहे.

या घटनेपासून सुरुवात करण्याचे शास्त्रीय कारणही आहे. डॉलर आटवताना संख्येची नोंद काटेकोर झाली, पण कोणत्या सालचे आणि कोणत्या टांकसाळीचे डॉलर मुशीत गेले याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे टांकसाळीच्या वार्षिक अहवालात छापलेला आकडा आणि आज प्रत्यक्ष अस्तित्वात असलेली नाणी यांच्यातला धागा कायमचा तुटला. किती पाडली हे कागद सांगतो. किती उरली हे नाण्यांकडूनच काढून घ्यावे लागते. दुर्मिळता हा जन्माच्या वेळी मिळालेला गुण नाही, ती नंतरच्या घडामोडींनी ठरते. हे एक सूत्र नीट हाती आले की या क्षेत्रातल्या बहुतेक कोड्यांना वाट सापडते.

डॉलराचा आरंभ थोडक्यात सांगतो. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टांकसाळ फिलाडेल्फियात स्थापन झाली आणि बाजारात आधीच रुळलेल्या स्पॅनिश डॉलराच्या धर्तीवर देशाचे चलन ठरले. पहिले चांदीचे डॉलर १७९४ साली पडले, अवघे १,७५८. त्यांतला एक, पहिल्या काही ठोक्यांतला मानला जाणारा, जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेला. १८०४ सालाच्या डॉलराची गोष्ट आणखी वेगळी आहे. १८०४ हे साल कोरलेली नाणी त्या वर्षी पाडलेलीच नव्हती. १८३४ च्या सुमारास मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नजराणा म्हणून द्यायच्या संचांसाठी ती पाडली गेली, आणि पुढे टांकसाळीतल्याच काही लोकांनी गुपचूप आणखी नग तयार केले. सगळे मिळून दीड डझनाहूनही कमी. अशा नाण्यांच्या कथा रंजक असतात, पण सामान्य संग्राहकाच्या अभ्यासाची खरी भूमी पुढच्या काळात आहे.

१८७३ च्या कायद्याने अमेरिकेने देशांतर्गत चलनासाठी चांदीचा डॉलर पाडणे थांबवले. नेमक्या त्याच दशकात नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणीतून चांदीचा पूर आला होता. खाणमालकांना गिऱ्हाईक हवे होते आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना मुबलक चलन हवे होते. राष्ट्राध्यक्ष हेस यांनी नकाराधिकार वापरला. तो झुगारून काँग्रेसने २८ फेब्रुवारी १८७८ रोजी ब्लँड-ॲलिसन कायदा केला. खजिन्याने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरांची चांदी विकत घ्यावी आणि तिची नाणी पाडावीत, असा तो हुकूम होता. या नाण्याचे ठसे कोरले जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने. छाप्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्यासाठी त्याने फिलाडेल्फियातल्या ॲना विलेस विल्यम्स या तरुणीला समोर बसवले, काट्यावर पंख पसरलेला गरुड कोरला. ३८.१ मिलिमीटर व्यासाचा, २६.७३ ग्रॅम वजनाचा, नव्वद टक्के चांदीचा हा मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ पर्यंत सलग आणि पुन्हा एकदा १९२१ मध्ये पडला.

गंमत अशी की लोकांना तो नकोच होता. पूर्वेकडच्या शहरांत एवढे जड नाणे खिशात बाळगायला कोणी तयार नव्हते. त्याऐवजी त्याच्या तारणावर निघालेल्या सिल्व्हर सर्टिफिकेट नावाच्या नोटा चालत. पश्चिमेकडच्या खाणवस्त्यांत मात्र कागदापेक्षा चांदीवर भरवसा होता. म्हणून कोट्यवधी डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून तळघरांत गेले आणि तिथेच राहिले, तर थोडे लोकांच्या हातांतून वर्षानुवर्षे फिरले. एकाच सालच्या, पण वेगवेगळ्या टांकसाळींच्या नाण्यांचे नशीब यामुळे पूर्ण वेगळे झाले. काट्यावर गरुडाच्या शेपटीखालच्या पुष्पचक्राजवळ बारीक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, आणि खूण नसेल तर फिलाडेल्फिया. डेन्व्हरचे ‘डी’ फक्त १९२१ च्या नाण्यावर सापडते. नवशिक्याने नाणे हाती घेताच आधी साल आणि मग हे अक्षर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता पाडलेल्या आकड्याची आणि उरलेल्या नाण्यांची फारकत किती असू शकते ते पाहू. १९०३ साली न्यू ऑर्लिन्समध्ये ४४,५०,००० डॉलर पडले. तरी १९६२ पर्यंत त्या नाण्याचा नवाकोरा नग जवळपास कुणाकडे नव्हता. बहुतेक माल १९१८ च्या मुशीत गेला असावा अशी खात्री झाली होती, आणि ‘रेड बुक’ नावाने प्रसिद्ध असलेल्या वार्षिक भावग्रंथात त्याची किंमत दीड हजार डॉलर छापली जात होती. त्या वर्षाच्या अखेरीस खजिन्याने नाताळच्या मागणीसाठी एका बंद तळघरातल्या पिशव्या बाहेर काढल्या. त्यांत १९०३ चे न्यू ऑर्लिन्स डॉलर नवेकोरे निघाले, पिशव्याच्या पिशव्या भरून. भाव तीस डॉलरांच्या आसपास आला. ज्यांनी आयुष्याची बचत त्या एका नाण्यात घातली होती त्यांचे दुःख खरे होते. पण अभ्यासाच्या दृष्टीने ती घटना अमूल्य आहे, कारण ‘कुणाकडे दिसत नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांच्यातले अंतर तिने सर्वांना दाखवून दिले.

या घटनेनंतर खजिन्याच्या दारात रांगा लागल्या आणि मार्च १९६४ मध्ये डॉलर देणे बंद करावे लागले. तोवर जे शिल्लक होते ते मोजले तेव्हा कार्सन सिटीचे जवळपास तीस लाख डॉलर सापडले. सरकारने ते १९७२ ते १९८० या काळात टप्प्याटप्प्याने टपालाने विकले. १८८४ साली कार्सन सिटीत ११,३६,००० डॉलर पडले होते; त्यांतले साडेनऊ लाखांहून अधिक या विक्रीत निघाले. नव्वद वर्षांनंतर शंभरातले चौऱ्याऐंशी नग कुणाच्याही हाताला न लागता जिवंत! खाणवस्तीतली ती छोटी टांकसाळ, तिचे मोहक नाव आणि कमी संख्या यांमुळे कार्सन सिटीच्या नाण्यांना वेगळी प्रतिष्ठा आहे आणि ती मला रास्त वाटते. पण प्रतिष्ठा आणि दुर्मिळता एकच आहेत असे मानू नये.

उलट टोकाला १८९५ चा फिलाडेल्फिया डॉलर आहे. अहवालात १२,००० चलनी नाण्यांची नोंद आहे, पण त्यांतले एकही आज ज्ञात नाही. माहीत आहेत ती संग्राहकांसाठी खास चकचकीत ठशांतून पाडलेली प्रूफ नाणी, मूळ संख्या ८८०. आणि मग १८९३ चा सॅन फ्रान्सिस्को डॉलर, सगळ्या मालिकेतला सर्वांत मानाचा. पाडले १,००,०००, आणि तेही पश्चिमेकडच्या व्यवहारात जाऊन झिजले. ते कुणी बाजूला का ठेवले नाहीत? कारण त्या काळचे संग्राहक सालवार जमवीत असत, टांकसाळीच्या खुणेकडे कुणी पाहत नसे. या खुणांना महत्त्व आहे हे ठासून सांगणारा ऑगस्टस हीटन यांचा ग्रंथ त्याच १८९३ साली प्रसिद्ध झाला. नाण्याला वाचवायला तो थोडा उशिरा आला.

ते वर्ष हिंदुस्थानच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्ता इथल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. जगातला चांदीचा एवढा मोठा ग्राहक हटल्यावर भाव कोसळला. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सरकारी चांदीखरेदीचा शर्मन कायदा रद्द झाला. त्या दशकातल्या डॉलरांचे आकडे अहवालात पाहताना मुंबईच्या टांकसाळीचे बंद झालेले दारही डोळ्यांसमोर असावे.

इथवर संख्येचे झाले. पण या क्षेत्राचा आत्मा संख्येपेक्षा अवस्थेत आहे, आणि तिथे सावकाश जावे.

सॅन फ्रान्सिस्कोत १८८४ साली ३२ लाख डॉलर पडले. कार्सन सिटीत १८८५ साली पडले २ लाख २८ हजार. आकड्यांवरून पाहिले तर दुसरे नाणे चौदापट दुर्मिळ. प्रत्यक्षात १८८५ चे कार्सन सिटी डॉलर पिशव्यांत जपले गेले आणि नव्याकोऱ्या अवस्थेत आजही मिळतात, तर १८८४ चे सॅन फ्रान्सिस्को डॉलर चलनात उतरले. झिजलेला नग फारशा कष्टाशिवाय सापडतो. पण उच्च दर्जाचा नवाकोरा नग निघाला तर त्याची किंमत डॉलरांत लाखांच्या घरात जाते. फिलाडेल्फियाचा १९०१ चा डॉलर असाच, पाडले ६९,६२,०००, आणि निर्दोष नग मिळणे महाकठीण. याला अवस्थेची दुर्मिळता म्हणतात. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी, एक सामान्य आणि दुसरे वस्तुसंग्रहालयाच्या तोलाचे, आणि दोहोंतला फरक केवळ पृष्ठभागाचा.

तो पृष्ठभाग कसा वाचायचा? चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि त्याच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे एका दिव्याखाली तिरके धरून हळू फिरवले की या रेषांवरून प्रकाशाचे आरे गोल फिरताना दिसतात. हीच नाण्याची मूळ झळाळी. १८७९ ते १८८२ या काळातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरांवर ती फार देखणी असते. १८८१ सालचे तर १,२७,६०,००० पडले आणि त्यांतले कितीतरी पिशव्यांत टिकले, म्हणून चांगला नग माफक किमतीत मिळतो. डोळा तयार करायला याच्याइतके चांगले नाणे नाही. झळाळी एकदा घासली गेली की परत येत नाही. पॉलिश केलेले नाणे चमकते, पण ती चमक सपाट असते, तिच्यात आरे फिरत नाहीत.

झीज ओळखायला उंच जागा पाहाव्यात. छाप्यावर कानावरचे केस, गाल आणि टोपीची कड, काट्यावर गरुडाची छाती. चलनात फिरलेल्या नाण्यावर या जागा आधी करड्या पडतात. मात्र इथे एक फसगत आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत ठसे बरेचदा पुरेसे दाबले गेले नाहीत. त्यामुळे कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीची पिसे नाणे जन्मले तेव्हाच सपाट राहिली. नवशिका त्यांना झिजलेले समजतो. त्या सपाट जागेवर झळाळी शाबूत आहे की ती मंद, घासल्यासारखी झाली आहे, हे पाहिले की उलगडा होतो.

मग पिशवीचे ओरखडे. हजार डॉलरांची पिशवी जवळपास सत्तावीस किलोची. ती उचलताना, फेकताना, गाडीत भरताना नाणी एकमेकांवर आपटत, आणि देवतेचा मोकळा, गुळगुळीत गाल हे सगळे प्रहार झेलत असे. म्हणूनच चलनात एकदाही न आलेल्या दोन मॉर्गन डॉलरांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तो पुष्कळदा फक्त गालावर ठरतो.

हे सगळे एका अंकात मांडायची रीत विल्यम शेल्डन यांच्या १९४९ च्या ग्रंथातून आली. तो ग्रंथ अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर होता आणि १ ते ७० ही मापपट्टी मुळात किमतीशी जोडलेली होती, म्हणजे ७० दर्जाचा नग १ दर्जाच्या नगापेक्षा सत्तरपट मोलाचा. किमतीचे ते गणित लवकरच मोडले, पट्टी मात्र टिकली आणि चांदीच्या डॉलरांनाही लागू झाली. आज ६० ते ७० हे अंक नव्याकोऱ्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. आपल्याकडचे सराफ पूर्वी रुपया हातात घेऊन, वाजवून, झीज पाहून बट्टा कापत. तो बट्टा गेलेल्या चांदीचा असे. शेल्डनच्या पट्टीवर ६३ आणि ६५ दर्जाच्या दोन डॉलरांत चांदी सारखीच असते, इथे बट्टा कापला जातो तो हरवलेल्या पृष्ठभागाचा. सराफाची नजर ज्यांच्या घराण्यात आहे त्यांना हा फरक पटायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा.

१९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्थांनी नाण्याचा दर्जा ठरवून ते प्लास्टिकच्या बंद पेटीत सील करून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे दूरवर बसून खरेदी करणे सुरक्षित झाले, खोट्या नाण्यांना पायबंद बसला. तरीही पेटीवरचा अंक हे एक जाणकार मत आहे. एकाच अंकाच्या दहा नाण्यांत दोन उजवी आणि दोन डावी निघतात, आणि ती निवडता येण्यासाठीच हा अभ्यास आहे.

रंगाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. कापडी पिशवीला चिकटून राहिलेल्या नाण्यांवर गंधकामुळे इंद्रधनुषी पटल चढते. काही संग्राहक त्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजतात, तर काहींना पांढरीशुभ्र चांदीच हवी असते. माझा कौल सावकाश, नैसर्गिकपणे चढलेल्या रंगाकडे आहे, कारण तो नाण्याच्या साठवणीचा पुरावा असतो. उष्णता किंवा रसायने वापरून रंग चढवणारेही आहेत. त्यांच्या कामात रंगांचा क्रम तुटक येतो आणि रंग पृष्ठभागावर तरंगल्यासारखा दिसतो. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे. नाणे साफ करू नये. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, रुप्याची पावडर, यांतले काहीही लावू नये. घरातल्या चांदीच्या भांड्यांना उजळ करणारा हात नाण्याला कायमचा गरीब करतो.

खोट्या नाण्यांबद्दल सावध राहायलाच हवे. जुन्या बाजारात मॉर्गन डॉलर दिसला तर आधी तो वजनकाट्यावर ठेवावा. २६.७३ ग्रॅमच्या आसपास नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. लोहचुंबकाला चिकटला तर प्रश्नच मिटला. बद्द वाजणारे नाणेही जुन्या माणसांना लगेच कळते. जास्त धोकादायक असतात ती अस्सल नाणी, ज्यांच्यावर टांकसाळीचे अक्षर नंतर चिकटवलेले असते. १८९३ चा साधा फिलाडेल्फिया डॉलर घेऊन त्यावर ‘एस’ बसवणारे कारागीर अनेक झाले. त्यांना एक गोष्ट जमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे १८९३ चे सर्व डॉलर छाप्याच्या एकाच ठशातून निघाले आहेत, आणि त्या ठशावर देवतेच्या मुकुटातल्या ‘लिबर्टी’ या शब्दाच्या ‘टी’ अक्षरात एक बारीक तिरपी उठावरेषा आहे. भिंगाखाली ती रेषा नसेल तर अक्षर कितीही सुबक असो, नाणे खोटे.

अशा ठसाभेदांचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी मॉर्गन आणि त्यानंतरच्या पीस डॉलरांच्या ठशांची वर्गवारी केली. तिचे क्रमांक ‘व्हॅम’ या नावाने जगभर चालतात. १८७८ च्या पहिल्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीला आठ पिसे होती, पुढे सात केली गेली, आणि मधल्या काही ठशांवर आठांवर सात कोरल्याने जुन्या पिसांची टोके खालून डोकावतात. या बारकाव्यांना पैसे लागत नाहीत, भिंग आणि सबुरी लागते. मर्यादित खिशाच्या अभ्यासकाला माझा आग्रहाचा सल्ला असा की त्याने इथेच रमावे.

पीस डॉलरांकडेही हाच डोळा घेऊन जावे. आटवलेल्या डॉलरांच्या जागी तेवढेच नवे पाडण्याचे बंधन पिटमन कायद्यातच होते, म्हणून १९२१ मध्ये मॉर्गनचे ठसे पुन्हा निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अँथनी डी फ्रान्सिशी यांचे नवे, महायुद्धानंतरच्या शांतीचे नाणे आले. १९२१ च्या पहिल्या तुकडीतला उठाव इतका उंच होता की ठसे टिकेनात. पुढच्या वर्षी तो कमी करावा लागला.

शेवटी हाताशी असलेल्या एका साधनाबद्दल सांगतो, कारण त्याचा गैरवापर फार होतो. दर्जा देणाऱ्या संस्था कोणत्या नाण्याचे किती नग कोणत्या दर्जाचे आले याची यादी प्रसिद्ध करतात. या यादीतला आकडा नाण्यांचा नसून तपासण्यांचा असतो. एखादा मालक ६४ दर्जाचे नाणे पेटी फोडून पुन्हा पाठवतो, कधी तिसऱ्यांदाही, ६५ मिळेल या आशेने. मग यादीत एकाच नाण्याचे दोन-तीन नग दिसतात, आणि उच्च किमतीच्या नाण्यांत हे जास्त घडते. उलट, स्वस्त आणि सामान्य नाणी तपासणीचा खर्च परवडत नसल्याने यादीत येतच नाहीत. म्हणून यादीचा वरचा भाग फुगलेला आणि खालचा रोडावलेला असतो. अभ्यासकाने लिलावांची जुनी सूचिपत्रे घ्यावीत, त्यांतल्या छायाचित्रांवरून गालावरचे ओरखडे जुळवावेत, आणि तोच नग किती वेळा फिरून आला हे स्वतः मोजावे. १८८४ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरापासून हे काम सुरू करता येईल. उच्च दर्जाचे नग थोडे आहेत, त्यामुळे एका हिवाळ्यात त्यांची वंशावळ मांडून होऊ शकते.